बॉनेटला पाडलेलं भोक आणि इंजिनाचा श्वास

ऊसतोडणीच्या हंगामात बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभं राहिलं, तर ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर एकामागून एक जाताना दिसतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर अशा कारखान्यांकडे ही वाहतूक चाललेली असते. त्यांतल्या अनेक ट्रॅक्टरच्या बॉनेटवर छत्रीसारखी टोपी घातलेला एक डबा वर आलेला असतो. तो डबा वर यावा म्हणून बॉनेटच्या पत्र्याला कारखान्यातच गोल भोक ठेवलेलं असतं. ही धुराडी नव्हे. धूर बाहेर टाकणारी नळी वेगळी असते. हा डबा म्हणजे इंजिनाचं नाक. इंजिन इथून श्वास घेतं.

याच रस्त्यावर अधूनमधून एखादी मोटारगाडीही दिसते, जिच्या बॉनेटचा पत्रा नंतर कापलेला असतो. कापलेल्या जागी हवा घेण्यासाठी फुगीर खोबण बसवलेली असते. कधी आतल्या मूळ फिल्टरचा डबा काढून तिथं शंकूच्या आकाराचा मोठा फिल्टर लावलेला असतो. तो बसेना म्हणून बाजूचा पत्राही ग्राइंडरने उडवलेला असतो. 'इंजिनाला जास्त हवा मिळते, गाडी जास्त पळते' असं त्यामागचं कारण सांगितलं जातं. अकरावी-बारावीत किंवा आयटीआयत शिकणाऱ्या मुलांमध्ये या विषयाची चर्चा किती रंगते, ते शिक्षकांना ठाऊक असेलच.

हे कारण खरं आहे का? थोडं खरं आहे, आणि जे खरं नाही ते नेमकं किती खोटं आहे हे आठवी ते बारावीच्या पुस्तकांतल्या विज्ञानाने काढता येतं. घनता, दाब, वायूंचे नियम आणि थोडा गुणाकार-भागाकार एवढं पुरतं. चला, हिशोब मांडू या.

इंजिन म्हणजे हवेचा पंप

पेट्रोल जळतं म्हणजे त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण 0.74 किलो असतं, म्हणजे लिटरमागे जवळपास 11 किलो हवा हवी. बारामतीच्या उंचीवर आणि 27 अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेचं वजन सुमारे 1.1 किलो भरतं. म्हणून एका लिटर पेट्रोलला सुमारे 10 घनमीटर, म्हणजे 10 हजार लिटर हवा लागते!

हा आकडा वर्गात फळ्यावर लिहून पाहा. वर्गखोली 6 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि सुमारे 3.3 मीटर उंच असेल, तर तिच्यात 100 घनमीटर हवा मावते. दहा लिटर पेट्रोल जाळताना गाडी अख्ख्या वर्गाची हवा पिऊन टाकते. बारामती ते इंदापूर हे अंतर सुमारे 50 किलोमीटर आहे. लिटरला 17 किलोमीटर जाणारी गाडी या प्रवासात तीन लिटर पेट्रोल आणि 30 हजार लिटर हवा खर्च करते. पेट्रोलचे पैसे आपण मोजतो. हवा फुकट असते, म्हणून ती आपल्या हिशोबात येत नाही.

यातून पहिला मुद्दा निघतो. टाकीतून पेट्रोल हवं तेवढं आणता येतं, पण सिलिंडरमध्ये हवा भरणं अवघड असतं. दट्ट्या खाली जातो, सिलिंडरमध्ये दाब कमी होतो, झडप उघडते आणि बाहेरच्या हवेच्या दाबामुळे हवा आत ढकलली जाते. इंजिन हवा ओढतं असं आपण म्हणतो, पण खरं तर वातावरणच ती आत लोटत असतं. आणि त्यासाठी वेळ फारच थोडा असतो. मिनिटाला 6000 फेरे घेणाऱ्या इंजिनात एक सिलिंडर भरायला सेकंदाचा सुमारे दोनशेवा भाग मिळतो.

एका इंजिनाचा हिशोब

1200 घनसेंटिमीटरचं म्हणजे 1.2 लिटरचं चार झडकांचं पेट्रोल इंजिन घेऊ. अशा इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा भरतं. मिनिटाला 6000 फेरे असतील तर सारे सिलिंडर 3000 वेळा भरतील. 3000 गुणिले 1.2 म्हणजे मिनिटाला 3600 लिटर, सेकंदाला 60 लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही. 90 टक्के भरतं असं धरू. म्हणजे सेकंदाला 54 लिटर.

पुढच्या पायऱ्या अशा:

54 लिटर हवेचं वजन सुमारे 59 ग्रॅम.
59 ग्रॅम हवेत जळू शकेल असं पेट्रोल सुमारे 4 ग्रॅम.
एक ग्रॅम पेट्रोलमधून सुमारे 43 किलोजूल उष्णता मिळते. 4 ग्रॅममधून 172.
त्यातली 30 टक्के चाकांकडे जाणाऱ्या दांड्यापर्यंत पोचली असं मानलं, तर सेकंदाला सुमारे 52 किलोजूल, म्हणजे 52 किलोवॅट.
अश्वशक्तीत सांगायचं तर सुमारे 70.

बाजारात मिळणाऱ्या 1.2 लिटरच्या गाड्यांची शक्ती याच्या आसपासच असते. म्हणजे आपला हिशोब ढोबळ असला तरी योग्य वाटेवर आहे. यातून हेही दिसतं की शक्ती वाढवायची तर सेकंदाला आत जाणाऱ्या हवेचं वजन वाढवायला हवं. इथपर्यंत पत्रा कापणाऱ्या मुलाचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

आता प्रश्न असा, की बॉनेटला भोक पाडून आणि मोठी नळी बसवून हे वजन किती वाढतं?

मोठ्या नळीने किती फरक पडतो?

समजा मूळ नळीचा आतला व्यास 6 सेंटिमीटर आहे. तिच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 28 चौरस सेंटिमीटर. त्यातून सेकंदाला 54 लिटर हवा जायची तर तिचा वेग सेकंदाला सुमारे 19 मीटर असावा लागेल. हवेला असा वेग देण्यासाठी लागणारा दाब आपण काढू शकतो: घनतेचा निम्मा भाग गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं सुमारे 200 पास्कल.

आता 8 सेंटिमीटर व्यासाची नळी घ्या. क्षेत्रफळ 50 चौरस सेंटिमीटर, वेग सेकंदाला सुमारे 11 मीटर, दाब सुमारे 65 पास्कल. म्हणजे बचत झाली 135 पास्कलची.

135 हा आकडा मोठा वाटेल. पण बारामतीला वातावरणाचा दाब सुमारे 95 हजार पास्कल असतो. त्याच्या तुलनेत ही बचत हजारात दीड इतकी आहे. नळीला वळणं असतात, सांधे असतात, म्हणून प्रत्यक्ष तोटा पाचपट धरला तरी फायदा पाऊण टक्क्याच्या आत राहतो. 70 अश्वशक्तीत जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीची भर. एक जादा माणूस गाडीत बसला तर ती कुठे गेली हे कळणारही नाही.

असं का होतं? हवेच्या वाटेतली सर्वांत अरुंद जागा ती नळी नसते. झडप आणि तिच्या कडेची फट ही खरी अडचण असते. पाण्याच्या टाकीला तोटी अर्ध्या इंचाची ठेवून वरचा पाइप चार इंची केला तर बादली लवकर भरत नाही, तसंच हे आहे.

समोरून घुसणारा वारा

दुसरा युक्तिवाद असा असतो: गाडी पळताना समोरचा वारा खोबणीत घुसतो आणि हवा दाबून भरतो. हेही मोजून पाहू. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर. त्याच सूत्राने दाब येतो सुमारे 430 पास्कल, वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. ताशी 36 किलोमीटरला तर तो अवघा 55 पास्कल भरतो. वेग निम्मा झाला की हा दाब चौथाई होतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वाऱ्याचा असा फायदा विमानांना आणि शर्यतीच्या गाड्यांना खराखुरा मिळतो, कारण त्यांचे वेग फार मोठे असतात.

शिवाय खोबण कुठे आहे यालाही महत्त्व आहे. बॉनेटवरून हवा वळते तेव्हा तिचा वेग वाढतो आणि तिथला दाब आसपासच्या वातावरणापेक्षा कमी होतो. तिथं नुसतं भोक पाडलं तर हवा आत जाण्याऐवजी आतली हवाच बाहेर ओढली जाऊ शकते. उलट समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपर असतात तिथं, हवा अडते आणि दाब वाढतो. गाडीत बसणाऱ्यांसाठीची ताजी हवा बहुतेक गाड्यांत तिथूनच घेतात. परदेशातल्या शर्यतीच्या काही गाड्यांवर म्हणूनच काचेकडे तोंड केलेली, उलटी दिसणारी खोबण असते.

हे वर्गात दाखवता येतं. पुठ्ठ्याची एक-दीड फूट लांब गाडी करा. तिच्या बॉनेटवर, काचेच्या पायथ्याशी आणि टपावर लोकरीचे दोन-दोन सेंटिमीटरचे धागे चिकटवा. समोर टेबलफॅन लावा. कुठले धागे सरळ मागे वाहतात, कुठले थरथरतात, कुठले उलटे फिरतात ते मुलांना वहीत काढू द्या. मग विचारा: भोक पाडायचंच असेल तर कुठे पाडाल?

थंड हवेचा खरा फायदा

आता या कल्पनेची बळकट बाजू. हवा गरम झाली की पसरते, तिची घनता कमी होते. बाहेर 35 अंश तापमान आहे आणि बॉनेटच्या आत 60 अंश आहे असं समजा. केल्विनमध्ये हे 308 आणि 333 होतात. घनता तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून आतल्या हवेची घनता सुमारे साडेसात टक्के कमी असते. 70 अश्वशक्तीच्या गाडीत कागदावर पाच अश्वशक्तींचा फरक! सिलिंडरकडे जाताना हवा गरम धातूला लागून तापतेच, त्यामुळे एवढा सगळा फायदा पदरात पडत नाही. पण नळीच्या व्यासापेक्षा आणि समोरच्या वाऱ्यापेक्षा तापमान कितीतरी महत्त्वाचं आहे, हे स्पष्ट आहे.

याच मापाने आणखी एक गोष्ट कळते. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब 1,01,300 पास्कल असतो. बारामती समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे तापमान सारखं असेल तर मुंबईतल्या गाडीपेक्षा बारामतीतली तीच गाडी नुसत्या उंचीमुळे सुमारे सहा टक्के कमी हवा घेते. हे नुकसान कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण गाडी बनवणाऱ्यांना थंड हवेचं महत्त्व माहीत नसतं का? माहीत असतंच. बहुतेक मोटारींत फिल्टरच्या डब्याची सोंड रेडिएटरच्या वरच्या बाजूला किंवा पुढच्या जाळीपाशी नेलेली असते. ती बाहेरची थंड हवाच घेते. आता गंमत पाहा. मूळ डबा आणि सोंड काढून बॉनेटच्या आत उघडा, शंकूसारखा फिल्टर लावला, की इंजिन गरम हवा घेऊ लागतं. म्हणजे शक्ती वाढवायला केलेला बदल ती घटवू शकतो!

तरीही चालवणाऱ्याला गाडी जोरात वाटते. कारण आवाज. मूळ डबा फक्त धूळ गाळत नाही. झडपा उघडझाप करताना हवेत उठणाऱ्या लाटांचा आवाज तो शोषून घेतो. डबा गेला की इंजिन घोरू लागतं, आणि आवाज वाढला की वेग वाढला असं आपल्या मेंदूला वाटतं. विज्ञानाच्या शिक्षकासाठी हा उत्तम धडा आहे: कानाने मोजू नका, घड्याळाने मोजा.

मग मोठ्या कंपन्या भोक का पाडतात?

मुलं हा प्रश्न विचारतीलच. आपल्याकडे 2009 मध्ये आलेल्या टोयोटा फॉर्च्युनरच्या 3 लिटर डिझेल गाडीच्या बॉनेटवर मोठी खोबण होती. आपल्या भागात ही गाडी भरपूर दिसते, म्हणून उदाहरण चांगलं आहे. पण त्या खोबणीतली हवा इंजिनात जात नाही.

या इंजिनाला टर्बो आहे. धुराच्या झोताने फिरणारा पंखा हवा दाबून इंजिनात भरतो. हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, त्याचाच हा मोठा प्रकार. दुपटीपर्यंत दाबलेली हवा सव्वाशे अंशांपर्यंत तापू शकते. ती परत साठ अंशांवर आणली तर तेवढ्याच जागेत जवळपास एक पंचमांश जास्त हवा मावते. ती थंड करणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर, या गाडीत इंजिनाच्या डोक्यावर बसवली होती. खोबणीतून येणारा वारा तिला गार करायचा. 2016 च्या शेवटी आलेल्या नव्या फॉर्च्युनरमध्ये इंटरकूलर पुढे गेला आणि खोबण नाहीशी झाली. भोक शोभेसाठी नव्हतं, गरजेपुरतं होतं. गरज संपली तसं तेही गेलं.

पत्रा कापून हवेची वाट केल्याचं नामांकित उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1964 मध्ये फोर्डने फेअरलेन या मध्यम आकाराच्या गाडीत 7 लिटरचं इंजिन बसवून 'थंडरबोल्ट' नावाच्या 100 गाड्या केल्या. पाव मैलाच्या सरळ शर्यतींसाठी त्या होत्या. इंजिन उंच, म्हणून बॉनेटवर थेंबाच्या आकाराचा फुगवटा केला. हवा कुठून घ्यायची? पुढच्या चार दिव्यांपैकी आतले दोन दिवे काढून त्या जागी जाळ्या बसवल्या आणि तिथून जाड नळ्या थेट कार्ब्युरेटरपर्यंत नेल्या. आपल्या 1.2 लिटर इंजिनाच्या जवळपास सहापट हवा पिणाऱ्या इंजिनाला असा मार्ग लागणारच. शिवाय शर्यतीत शतांश सेकंदाने हार-जीत ठरते, आणि तिथं एक टक्काही मोलाचा असतो. ती गाडी मुख्यतः त्या छोट्या शर्यतीसाठी होती, रोज शाळा-बाजार करण्यासाठी नव्हे.

धूळ नावाचा शत्रू

आता परत ट्रॅक्टरच्या छत्रीकडे येऊ. बारामतीचा पूर्व भाग आणि इंदापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. कालव्याचं पाणी आहे तिथं हिरवं, पलीकडे कोरडं. शेतातल्या वाटा आणि कारखान्याकडे जाणारे रस्ते हंगामात धुळीने भरलेले असतात. इंजिनाला दहा हजार लिटर हवा हवी म्हणजे दहा हजार लिटर हवेतली धूळही आलीच.

ट्रॅक्टरचा डबा उंच ठेवतात कारण धूळ जमिनीलगत जास्त असते. टोपीखाली तिरपी पाती असतात. त्यांमुळे हवा गोल फिरते आणि जड कण कडेला फेकले जातात. जुन्या पद्धतीच्या फिल्टरमध्ये पुढे हवा मधल्या नळीने खाली येते, तेलाच्या पृष्ठभागावर एकदम उलटी वळते आणि तारेच्या जाळीतून वर जाते. हवा सहज वळते, धुळीचा जड कण जडत्वामुळे वळू शकत नाही आणि तेलात जाऊन पडतो. न्यूटनचा पहिला नियम शिकवायला याहून चांगलं यंत्र शोधून सापडणार नाही. नव्या ट्रॅक्टरमध्ये कागदाचे फिल्टर असतात, पण तत्त्व तेच: हवा येऊ द्या, कण अडवा.

कण अडवायचे कशासाठी? दट्ट्याच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा थर असतो, तो काही मायक्रॉन जाडीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. डोळ्यांना न दिसणारा दहा मायक्रॉनचा कणही त्या थरातून डोकं वर काढतो आणि धातू घासतो. मग कड्या झिजतात, तेल जळू लागतं, धूर निळसर होतो. जास्त हवा सोडणारे फिल्टर अनेकदा धूळही जास्त सोडतात. हा बदल आज दिसत नाही. वर्षा-दोन वर्षांनी इंजिन उघडावं लागतं तेव्हा त्याचं बिल येतं.

मुलांना एक काम देता येईल. गॅरेजमधून टाकून दिलेले दोन कागदी फिल्टर मिळवा, एक डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा आणि एक शेतात चालणाऱ्या वाहनाचा. पांढऱ्या कागदावर ते आपटा, धूळ तोलून पाहा, भिंगाखाली बघा. धुळीवर चुंबक फिरवला तर काही कण चिकटतात. आपल्या काळ्या मातीचा उगम बेसॉल्ट खडकात आहे आणि त्यात लोहयुक्त खनिजं असतात, याची आठवण करून द्यायला ही संधी छान आहे.

काळा धूर म्हणजे ताकद नव्हे

डिझेलची गोष्ट थोडी उलटी आहे. डिझेल इंजिन नेहमीच गरजेपेक्षा जास्त हवा घेतं. शक्ती वाढवण्यासाठी काही ठिकाणी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलचं प्रमाण वाढवतात. चढावर ट्रॅक्टर जोर दाखवतो खरा, पण हवा तेवढीच असल्याने सगळं डिझेल जळत नाही. उरलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. काळा धूर दिसला की समजावं, पैसे देऊन घेतलेलं इंधन न जळताच हवेत जात आहे. त्याबरोबर धुराचं तापमान वाढतं, दट्ट्या आणि झडपा तापतात. मागून सायकलवर येणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात ती काजळी जाते, तो भाग वेगळाच.

पत्रा नुसता झाकण नसतो

बॉनेट म्हणजे इंजिनावरचं झाकण असा समज असतो. प्रत्यक्षात ते दोन थरांचं असतं. वरचा गुळगुळीत पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो आणि खाली घड्या, कंगोरे पाडलेला सांगाडा असतो. सपाट कागद उभा राहत नाही, पण त्याला घड्या घातल्या की वजन पेलतो. कंगोऱ्यांचं काम तेच. शिवाय समोरून टक्कर झाली तर बॉनेट ठरलेल्या जागी दुमडावं आणि काच फोडून आत घुसू नये, असा त्या घड्यांचा हिशोब असतो. ग्राइंडरने कंगोरा कापला की हा हिशोब चुकतो. कापलेल्या कडेचा रंग आणि जस्ताचा थर जातो, पहिल्या पावसाळ्यात गंज धरतो.

बॉनेट आणि इंजिन यांच्यात थोडी मोकळी जागाही मुद्दाम ठेवलेली असते. गाडीने पायी चालणाऱ्याला धडक दिली तर त्याचं डोकं बऱ्याचदा बॉनेटवर आपटतं. पत्रा दबला तर आघात कमी होतो. तिथं वर आलेली लोखंडी खोबण किंवा उघडं इंजिन असेल, तर डोकं थेट कठीण धातूवर आदळतं. भारतात पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी एआयएस-100 हे मानक आहे ते यासाठीच. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने दर आषाढात तुकाराम महाराजांची पालखी जाते. वारकरी, शाळकरी मुलं, ऊसतोड कामगार यांच्या पायांखालचा आणि आपल्या चाकांखालचा रस्ता एकच आहे.

पावसाचा धोकाही विसरू नये. ऑक्टोबर 2020 मध्ये अतिवृष्टीने इंदापूर-बारामतीकडचे ओढे रस्त्यांवर आले होते. उघड्या खोबणीतून किंवा खाली आणलेल्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. दट्ट्या वर येताना अडतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो. क्षणात इंजिन निकामी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळेल असा बदल मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका खटल्यात हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम 182-अ सध्याच्या रूपात आलं. त्यानुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो, हेही मुलांच्या कानावर घालावं.

शिक्षकांनी काय करावं?

'असलं काही करू नका' एवढंच सांगून भागत नाही. यंत्र उघडून पाहण्याची, त्यात बदल करण्याची ओढ ही चांगलीच गोष्ट आहे. उद्याचे तंत्रज्ञ त्यातूनच तयार होतात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओचा कारखाना आहे. तिथं तीनचाकी गाड्या आणि 2012 पासून व्हेस्पा स्कूटरही तयार होतात. पुण्यात 1966 साली स्थापन झालेली वाहन संशोधनाची संस्था, एआरएआय, आहे. अशा ठिकाणी लोक इंजिनाला जास्त श्वास कसा देता येईल याच प्रश्नावर काम करतात. फरक एवढाच की ते आधी मोजतात आणि मग कापतात.

म्हणून त्या मुलाला त्याच्याच गाडीचा हिशोब करायला सांगा. इंजिनाचं आकारमान नोंदणीपत्रावर असतं. जास्तीत जास्त शक्ती आणि त्या वेळचे फेरे माहितीपुस्तिकेत मिळतात. नळीचा व्यास सुतळीने मोजता येतो. त्यातून हवेचा वेग, दाबातली घट आणि मिळू शकणारी अश्वशक्ती त्याने स्वतः काढावी. मग दुसऱ्या रकान्यात लिहावं: स्वच्छ फिल्टर, चाकांतली योग्य हवा आणि गाडीत विनाकारण वाहिलेलं वजन कमी करणं, यांतून काय मिळेल आणि त्याला खर्च किती. दोन्ही रकाने शेजारी आले, की ग्राइंडर उचलायचा की नाही हे ठरवायला त्याला आपल्या उपदेशाची गरज उरणार नाही.